याद्या लागल्या! वाचकांचे प्रश्न अन् ताईची उत्तरं

मंडळी, दर महिन्याला या पानाकडं पत्रं येतात ती जास्त करून क्रिकेटची, कबड्डीची नाहीतर पोलीस भरतीच्या ग्राउंडची. ह्या वेळी वेगळंच झालं. ५ मार्च २०२६ पासून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक सुरू व्हायलंय, २० देशांच्या टीमच्या याद्या लागल्यात, अन् औशापासून नांदेडपर्यंत कोण आलं कोण गळालं यावर पत्रं आलीत. मी स्वतः परभणीच्या ग्राउंडवर सॉफ्टबॉलची कॅचर (बॅटिंगवाल्याच्या मागं बसून बॉल झेलणारी) म्हणून वाढले, म्हणून ही पत्रं हातात घेतली ती रात्री दोन वाजेपर्यंत वाचतच बसले, एकेकाचा जीव किती अडकलाय त्यात! सगळी घेता आली नाहीत, काही लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

औसा (जि. लातूर) येथून एक शेतकरी वाचक

ताई, आमच्या रानातली मोटरची लाईट पाळीनं रात्रीची असते, ऊसाला पाणी द्यायला रात्रभर थांबावं लागतं. २०२३ ला पाडव्याच्या पहाटे असंच बांधावर बसून मोबाईल बघत होतो तर जपान-अमेरिका फायनल लागली, नियम एक कळत नव्हता पण शेवटी तो ओहतानी बॉल टाकायला आला अन् अंगावर काटाच आला. तेव्हापासून मी जपानचा. यंदा यादी लागली तशी वहीत उतरवून काढली, तीसच्या तीस नावं. घरचे म्हणायलेत, खताचा हिशोब लिहायच्या वहीत ही कोणाची नावं लिहिलास. मला एवढं सांगा, मैदानात उतरतात नऊ तर तीस माणसं कशाला लागतात? अन् ओहतानी यंदा बॉल टाकणार नाही, फक्त मारणार म्हणायलेत, मग निम्माच ओहतानी आला म्हणायचा का?

उत्तर : दादा, ती वही जपून ठेवा. तुम्ही जे बघितलं ते बघायला अमेरिकेत लोकांनी तिकिटं काढली होती. नववी म्हणजे शेवटची इनिंग, जपान ३-२ नं पुढं, दोन आऊट झालेले, अन् समोर माइक ट्राउट, अमेरिकेचा कॅप्टन, जो एरवी ओहतानीच्याच क्लबात त्याच्या शेजारी कपडे बदलायचा! तीन बॉल दोन स्ट्राइक झाले, म्हणजे अजून एक स्ट्राइक की आऊट, अन् मग तो बाहेर वळत गेलेला स्लायडर, ट्राउटची बॅट हवेत फिरली, जपान चॅम्पियन. मायामीत तेव्हा रात्र होती अन् आपल्याकडं घराघरात गुढीला साखरेच्या गाठी बांधायलेले.

आता तीसचं सांगते. ह्या तीसात कमीत कमी १४ पिचर (बॉल टाकणारे) अन् २ कॅचर घ्यावेच लागतात असा नियम आहे. क्रिकेटमध्ये तुमचा मेन बॉलर आज दहा ओव्हर टाकतो अन् तीन दिवसांनी परत टाकतो, कोणी मोजत नाही. इथं एकेक चेंडू मोजतात. पहिल्या फेरीत एका पिचरला एका सामन्यात ६५ च्या वर पिच टाकता येत नाहीत, क्वार्टर फायनलला ८०, सेमी अन् फायनलला ९५. त्यातही ५० किंवा जास्त टाकल्या की चार दिवस सुट्टी, ३० टाकल्या की एक दिवस, अन् दोन दिवस लागोपाठ टाकलं तर तिसऱ्या दिवशी बसायचंच. म्हणजे कितीही मोठा पिचर असू द्या तो चार-पाच इनिंगमध्ये संपतो, पुढचा सामना बाकीच्यांनी ओढायचा. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या क्लबांच्या फायनलला, जपानच्या यामामोतोनं सहाव्या सामन्यात ९६ पिच टाकल्या अन् दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात परत येऊन ३४ टाकल्या, सामना जिंकून दिला, अख्खं जपान जागं होतं. ते ह्या स्पर्धेत होऊच शकत नाही, नियमच तसा आहे, मार्च महिना असतो, हात अजून तापलेले नसतात, क्लबांचा सीझन पुढं उभा असतो.

म्हणून माझी सवय सांगते, यादी हातात आली की लोक वरून मोठी नावं शोधतात, मी आधी पिचर मोजते. त्यातही कमी नावाजलेले, सहाव्या-सातव्या इनिंगला येणारे पिचर कोण आहेत ते बघते. तिथं यादी कच्ची असेल तर वर कितीही होमरनवाले (थेट कुंपणापार मारणारे) असू द्या, सामना सातव्या इनिंगला निसटतो.

ओहतानी निम्मा नाही आला दादा. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं, २०२५ च्या जूनमध्ये तो परत पिचिंग करायला लागला, त्या हाताला जपायला नको? अन् नुस्ती बॅट म्हणाल तर २०२५ च्या सीझनला ५५ होमरन मारलेत त्यानं. जपानकडं यामामोतो आहे, किकुची आहे, बॅटिंगला सुझुकी, मुराकामी, ओकामोतो, योशिदा. तुमच्या वहीतली यादी लई भारी आहे, त्यात फक्त प्रत्येक पिचरच्या पुढं एक रकाना मोकळा ठेवा, कोणी किती टाकल्या ते लिहीत जा, मग मॅनेजर इबाता उद्या कोणाला आणणार ते तुम्हाला बांधावर बसून आधी कळेल.

छत्रपती संभाजीनगर येथून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ताई, होस्टेलवर आमच्यात रोज भांडण चालू आहे. माझा रूममेट म्हणतो ही स्पर्धा म्हणजे देशांची नाहीच, जो तो वाटेल त्या देशाकडून खेळतो. जपानकडून नूटबार खेळला तो अमेरिकेत जन्मलेला, मेक्सिकोचा अरोझरेना क्युबाचा, डॉमिनिकन रिपब्लिकचा गरेरो कॅनडात जन्मलेला, इटलीच्या यादीत तर इटलीत जन्मलेले शोधावे लागतात. मला उत्तर देता आलं नाही, पण मनातून पटतही नाही. तुम्ही सांगा.

उत्तर : तुझ्या रूममेटनं दिलेली उदाहरणं सगळी खरी आहेत, पण त्याचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही अन् का ते सांगते.

नियम असा की तू त्या देशाचा नागरिक असलास, तिथं कायमचा राहणारा असलास, तिथं जन्मला असलास, तुझी आई किंवा वडील तिथले नागरिक असतील किंवा तिथं जन्मले असतील, नाहीतर त्या देशाच्या कायद्यानं तुला नागरिकत्व मिळू शकत असेल, तर तू त्या देशाकडून खेळू शकतोस. इटलीचा कायदा २०२५ पर्यंत पणजोबाचंही नातं मानायचा म्हणून तिथं अमेरिकेत जन्मलेली इतकी पोरं दिसतात.

पण बाळा, कागदावर नियमात बसणं वेगळं अन् शंभर-दोनशे कोटी कमावणाऱ्या माणसानं सीझनच्या तोंडावर हात मोडायची भीती घेऊन तो शर्ट घालणं वेगळं. नूटबारची आई जपानची. त्याच्या आधी जपाननं असं नात्यावरून कोणाला घेतलंच नव्हतं, यादी लागली तेव्हा जपानमध्येही लोक कुजबुजले की हा कोण. अन् मग पहिल्याच सामन्यापासून त्यानं सूर मारून कॅच घेतले, बेसवर पोचला की दोन्ही हातांनी मिरी दळल्यासारखी खूण करायचा, आठ दिवसांत अख्खा देश ती मिरी दळायला लागला! त्याच स्पर्धेत कोरियाकडून टॉमी एडमन खेळला, त्याचीही आई कोरियन. अरोझरेना क्युबातून समुद्रावरनं जीव मुठीत घेऊन मेक्सिकोत आला, मेक्सिकोनं सांभाळलं, तिथं मुलगी झाली, २०२२ ला तो मेक्सिकन नागरिक झाला अन् २०२३ ला त्यांच्यासाठी असा खेळला की मेक्सिको सेमी फायनलला पोचलं. अन् गरेरो ज्युनियर मॉन्ट्रियलला जन्मला कारण त्याचे वडील तेव्हा तिथल्या क्लबात खेळायचे, लेकरू वाढलं डॉमिनिकनमध्ये. आता त्याचा देश कोणता हे तूच सांग.

आपल्याकडं बघ ना, निम्मा मराठवाडा पुण्यात राहायला गेलाय, चाकणला, हिंजवडीला, तिथंच लेकरं जन्मली, पण गावच्या जत्रेची तारीख विचार, पटकन सांगतील. आजोळ म्हणून काही असतंच की माणसाला. मला तर ह्या स्पर्धेची यादी वाचताना सगळ्यात जास्त हेच आवडतं, क्लबच्या यादीत माणूस पैशानं येतो अन् ह्या यादीत आईच्या नाहीतर आजीच्या नात्यानं. रूममेटला हे वाचून दाखव.

नांदेड येथून एक वाचक

ताई, मी पोर्तो रिकोचा फॅन, का झालो ते लांब सांगावं लागेल, पण झालो. लिंडोर नाही, कोरेया नाही! इन्शुरन्स मिळाला नाही म्हणून खेळू शकत नाहीत म्हणे. हे काय कारण झालं का? देशासाठी खेळायला इन्शुरन्स लागतो? इतका राग आलाय की स्पर्धा बघूच नये वाटायलंय.

उत्तर : दादा, राग यायलाच पाहिजे, मलाही आला. घरच्या मैदानावर, सान हुआनला, पहिली फेरी अन् आपला सगळ्यात लाडका खेळाडू स्टँडमध्ये. पण राग लिंडोरवर काढू नका, त्याला खेळायचंच होतं.

ह्याचं मूळ समजून घ्या. हे खेळाडू क्लबांचे, वर्षाला काही कोटी डॉलरचे करार, अन् करार पक्का असतो, जखमी होऊन घरी बसला तरी क्लबला पगार द्यावाच लागतो. म्हणून क्लब म्हणतो, देशाकडून खेळताना दुखापत झाली तर आमच्या पगाराची भरपाई कोण करणार? तिथं इन्शुरन्स येतो. अन् इन्शुरन्सवाला खेळाडूचं वय, आधीची ऑपरेशनं, मागच्या वर्षी किती दिवस बाहेर होता हे सगळं बघतो अन् मग हो किंवा नाही म्हणतो. २०२३ ला कर्शॉसारखा पिचर ह्याच कारणानं अमेरिकेच्या टीममधून बाहेर राहिला. त्याच वर्षी तुमच्याच पोर्तो रिकोच्या एडविन डियाझचं काय झालं आठवतं ना, डॉमिनिकनला हरवलं, मैदानात सगळे एकमेकांना धरून उड्या मारायले, अन् त्या आनंदात त्याचा गुडघा गेला, अख्खा सीझन घरी. पुढं व्हेनेझुएलाच्या अल्तुवेला पिच लागली अन् अंगठा मोडला. त्या दोन दुखापतींची किंमत आज लिंडोर अन् कोरेया मोजायलेत असं मला वाटतं.

माझं स्पष्ट मत, स्पर्धा भरवणाऱ्यांनी ह्याच्यावर तोडगा काढायलाच पाहिजे. यादी मॅनेजरनं ठरवावी, मैदानावरच्या खेळावरून ठरावी, ती इन्शुरन्सच्या टेबलावर कापली जाऊ नये. आपल्या गावातला पोरगा दमदार खेळत असून कागद अपुरे म्हणून जिल्ह्याच्या टीममधून कापला जातो तेव्हा जसं पोटात तुटतं, तसंच हे.

पण बघायचं मात्र सोडू नका. तोच डियाझ, ज्याचा गुडघा ह्याच शर्टात गेला, तो यंदा परत पोर्तो रिकोच्या यादीत आहे. त्याचं नाव वाचलं तेव्हा मी यादी खाली ठेवून जरा वेळ गप बसले. तुमच्यासारख्या माणसानं तो मैदानात पळत येताना बघितला नाही तर कोणी बघायचं?

जालना येथून

सामने आपल्याकडं किती वाजता दिसतील? ड्युटी आठची आहे.

उत्तर : टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. तिथं संध्याकाळी ७ चा सामना म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेतीन. ७ मार्चचा जपान-कोरिया असाच आहे, शनिवार आहे, सुट्टी असली तर जेवून घ्या अन् बसा. अमेरिका अन् पोर्तो रिकोतले सामने आपल्या रात्रीचे नाहीतर पहाटेचे. फायनल मायामीत १७ तारखेला रात्री ८ ला, म्हणजे आपल्याकडं १८ मार्च, बुधवार, पहाटे साडेपाच. बेसबॉलचा सामना साधारण तीन तास चालतो तेव्हा शेवटच्या इनिंगला तुमची ड्युटी आडवी येणार. त्या दिवशी अर्धा दिवस रजा टाका. पाडवा दुसऱ्या दिवशी, १९ ला आहे.

उदगीर येथून दोन भाऊ

ताई, आमच्या दोघात पैज आहे. मोठा म्हणतो अमेरिकेची यादी आजवरची सगळ्यात भारी, मी म्हणतो डॉमिनिकन. निकाल तुम्ही द्या, हरणाऱ्यानं महिनाभर म्हशीची धार काढायची.

उत्तर : मोठ्या भावाचं आधी ऐकते. ॲरन जज कॅप्टन, तो पहिल्यांदाच ह्या स्पर्धेत खेळायलाय. २०२५ चे अमेरिकेतल्या दोन्ही लीगचे सर्वोत्तम पिचर, स्कीन्स अन् स्कुबल, दोघंही यादीत, असं अमेरिकेला आधी जमत नव्हतं, बॅटिंगवाले यायचे अन् मोठे पिचर घरी बसायचे. अन् कर्शॉ, रिटायर झाल्यावर देशाचा शर्ट घालायला मिळालेला. फक्त एक लक्षात घ्या, स्कुबल एकच सामना टाकून क्लबकडं परत जाणार असं ठरलेलं आहे. मी वर म्हणलं ना यादी पिचरपासून वाचायची, तर नावाच्या पुढं तो किती दिवस आहे हेही वाचायचं.

डॉमिनिकनकडं सोतो, गरेरो, तातिस, मचाडो, हुलिओ रॉड्रिगेझ, अन् मॅनेजर अल्बर्ट पुहोल्स. ही बॅटिंग बघून कुठल्याही पिचरनं आदल्या रात्री नीट झोपून दाखवावं. २०१३ ला ते आठपैकी आठ सामने जिंकून चॅम्पियन झालेले, अन् २०२३ ला अशीच तगडी यादी घेऊन आले अन् पहिल्याच फेरीत बाहेर. ती जखम अजून ओली आहे तिथं. आता एक गोष्ट मनात धरा, ह्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे आपला आठ जिल्ह्यांचा मराठवाडा त्यांच्याहून मोठा! तेवढ्या जागेतून ही नावं. पोरं ऊसाच्या बागायतीच्या कडेला काठीनं बाटलीचं झाकण मारत मारत मोठी होतात तिथं, हातडोळा असा बसतो की पुढं बॉल त्यांना भोपळ्याएवढा दिसत असेल.

माझं मत धाकट्याकडं. बॅटिंगसाठी नाही म्हणत मी, ते लोक मार्चमध्ये ज्या भुकेनं खेळतात त्यासाठी. पण धार काढायचं १८ तारखेला ठरवा, माझ्या मतावर नको.

अंबाजोगाई (जि. बीड) येथून एक शिक्षक वाचक

मोठ्या देशांबद्दल सगळेच बोलतात. मला कोणतीतरी छोटी टीम सांगा जिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवाव्यात. वर्गात मुलांना सांगायचं आहे.

उत्तर : सर, झेकिया, म्हणजे चेक रिपब्लिक. डोळे झाकून.

२०२३ ला ही टीम पहिल्यांदा आली तेव्हा यादीत खेळाडूच्या नावासमोर व्यवसाय लिहावा असं वाटावं अशी माणसं. कोणी अग्निशमन दलात, कोणी शिकवणारा, मॅनेजर पावेल खादिम तर मेंदूच्या विकारांचे डॉक्टर, दवाखाना सांभाळून टीम सांभाळायचे. अन् पिचर ओंद्रेय सातोरिया, पेशानं इलेक्ट्रिशियन. टोकियोत जपानसमोर ४० हजाराच्या वर लोक, समोर ओहतानी, अन् ह्या माणसाकडं वेग म्हणाल तर ताशी १३० किलोमीटरच्या आतच, आपल्याकडचा कॉलेजचा बॉलर टाकतो तेवढा. त्यानं ओहतानीला तीन स्ट्राइकवर घरी पाठवलं! अख्ख्या मैदानानं, जपानी लोकांनी, त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्याच सामन्यात जपानच्या रोकी सासाकीची १६० च्या वरची पिच झेकच्या एस्कालाच्या गुडघ्यावर बसली. पोरगं खाली पडलं, उठलं, बेसवर गेलं अन् मला काही झालं नाही हे दाखवायला तिथल्या तिथं पळून दाखवलं. नंतर सासाकी त्यांच्या हॉटेलवर गेला ते मिठाईच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन, माफी मागायला. तो दिवस होता ११ मार्च, २०११ च्या त्सुनामीत ह्याच तारखेला सासाकीचे वडील अन् आजी-आजोबा गेले, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ओहतानीनं पुढं अमेरिकेत उतरताना डोक्यावर झेकियाची टोपी घातली होती. सर, हे मुलांना सांगा, अन् मग सांगा की सातोरिया यंदाच्याही यादीत आहे, अन् १० मार्चला परत जपानशी सामना आहे.

परभणी येथून, माझ्याच शहरातून

ताई, २० देश आहेत, ब्राझील आहे, इस्रायल आहे, ब्रिटन आहे. आपला भारत का नाही?

उत्तर : २० पैकी १६ देश मागच्या कामगिरीवर थेट येतात, बाकी चार जागांसाठी पात्रता फेरी असते. यंदा तिथून तैवान, निकाराग्वा, कोलंबिया अन् ब्राझील आले. पात्रता फेरीतही बोलावलेले मोजकेच. पाकिस्तान २०१६ ला अन् २०२२ ला पात्रता फेरीपर्यंत गेलं होतं, आपण तिथवरही नाही.

हात नाहीत असं नाही. २००८ ला एका पिचिंगच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) अन् दिनेश पटेल निवडले गेले, दोघं भालाफेकवाले, बेसबॉल हातात धरलेला नव्हता, अन् पिट्सबर्गच्या क्लबनं करार केला त्यांच्याशी. टेक्सासच्या क्लबाकडून पिचिंग करणारा कुमार रॉकर, त्याच्या आईचे आईवडील भारतातून गेलेले. आपल्याकडं शाळेच्या स्पर्धांत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, पोरं राज्यापर्यंत जातात, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, अन् गुण मिळाले की ग्लोव्ह माळ्यावर. घरच्यांना दोष देत नाही मी, पुढं रस्ताच दिसत नाही तर पोर काय करेल. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात पाय रुतून बसतो, बेसवर घसरायचं म्हणलं तर गुडघे सोलून निघतात. प्रत्येक जिल्ह्यात मुरूम टाकून रोलर फिरवलेलं एक, फक्त एक पक्कं मैदान मिळालं, पिचरची पाटी बरोबर १८.४४ मीटरवर अन् बेस ९० फुटावर, अन् तालुक्याला दहा ग्लोव्ह, तर पंधरा वर्षांत चित्र पालटेल. मी हे मागत आलेय अन् मागत राहणार. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येतंय म्हणून सगळे खुश आहेत, मीही आहे, पण त्याच ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल अन् सॉफ्टबॉलही परत आलेत हे कोणीतरी आपल्या पोरांना सांगा.

गंगाखेड (जि. परभणी) येथून दहावीची विद्यार्थिनी

ताई, मी सॉफ्टबॉल खेळते, कॅचर आहे. ह्या वर्षी विभागाच्या टीमची यादी लागली त्यात माझं नाव नाही. मॅडम म्हणल्या तुझं थोडक्यात हुकलं. मी ओहतानीची फॅन आहे पण ह्या वेळी जपानची यादी बघताना मला रडू आलं, ज्यांची नावं नाहीत त्यांना काय वाटलं असेल असं वाटलं. आता दहावीचे पेपर आहेत, आई म्हणते बास झालं खेळ. आमच्या शाळेत कॅचरचा एकच ग्लोव्ह आहे तो पण फाटलाय. मी काय करू?

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

माझंही एकदा नव्हतं यादीत. नोटीस बोर्डाच्या काचेवर बोट ठेवून वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं, मग वाटलं कागदाच्या मागं अजून एक पान असेल. घरी चालत आले, बस असून. आईनं काही विचारलं नाही, भाकरी टाकत राहिली, ताटात दुधाची साय वाढली फक्त. आज इतकी वर्षं झाली तरी त्या काचेचा गारपणा बोटाला आठवतो. म्हणून तुला उगं असं म्हणणार नाही की एवढं काय त्यात. त्यात लई काही असतं.

तू विचारलंस ना ज्यांची नावं नसतात त्यांना काय वाटतं. २०२३ ला सेइया सुझुकीचं नाव जपानच्या यादीत होतं, अन् स्पर्धेच्या तोंडावर बरगडीपाशी स्नायू दुखावला, यादीतून बाहेर. टीमनं काय केलं माहिती आहे, त्याचा ५१ नंबरचा शर्ट डगआउटमध्ये (टीम बसते तिथं) टांगला, टोकियोत टांगला, मायामीत टांगला, अन् जिंकल्यावर फोटोत तो शर्ट हातात धरून उभे राहिले. माणूस यादीत नव्हता अन् टीममध्ये होता. तो सुझुकी यंदा यादीत आहे, तीन वर्षांनी. ७ मार्चला तो बॅटिंगला येईल तेव्हा तुझा पेपर नसला तर बघ.

आता कामाचं. पेपर संपेपर्यंत ग्राउंड बंद, आईचं एवढं ऐक, ती खेळाच्या विरुद्ध नाही, तिला तुझी काळजी आहे. रोज फक्त पंधरा मिनिटं, भिंतीवर टेनिसचा बॉल मारायचा अन् उघड्या हातानं झेलायचा, खाली बसून, कॅचरच्या बैठकीत, मांड्या भरून येईपर्यंत. पेपर झाले की मॅडमला जाऊन विचार, हुकलं ते नेमकं कशात हुकलं, दुसऱ्या बेसवरचा थ्रो कमी पडला का बॉल सुटले. कॅचरचं बहुतेक वेळा थ्रोवरच हुकतं. ते सुधारतं, मी सुधारलेलं आहे. अकरावीला कॉलेज घेताना सॉफ्टबॉलची टीम असलेलं कॉलेज बघ, आईला सोबत घेऊन बघ.

अन् पत्रात तू गाव लिहिलंस, पत्ता नाही लिहिला. मासिकाच्या कार्यालयाकडं घरच्यांच्या हातानं पत्ता कळव, ते मला देतील. माझा कॅचरचा ग्लोव्ह आहे, जुना आहे पण चामडं शाबूत आहे, दर दिवाळीला तेल लावून ठेवते. डाव्या हातात घालायचा आहे, तू उजव्या हातानं टाकतेस ना, तेवढं त्यातच लिही.